चौदा कोअरचे साहेब

प्रत्येक मराठी घराण्यात एक जण ‘कॉम्प्युटरमधला’ असतो. तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईलासुद्धा सांगता येत नाही. पण कोणाला लॅपटॉप घ्यायचा असो, प्रिंटरने कागद गिळलेला असो, की आत्याच्या मोबाइलवर सकाळची गुलाबाची फुलं उमलायची थांबलेली असोत, फोन त्यालाच जातो. आमच्याकडे हे मानाचं आणि बिनपगारी पद माझ्या भाच्याकडे आहे. तो ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये कामाला आहे. ‘दिवसभर एसीत असतो’ एवढंच त्याच्या कामाचं वर्णन माझी बहीण करते आणि ते चुकीचं नाही. फक्त तो एसी यंत्रांसाठी आहे, त्याच्यासाठी नाही, हा तपशील ती गाळते.

या पदाची गंमत अशी, की खरेदीच्या आधी कोणी सल्ला विचारत नाही. आधी वस्तू घरी येते, मग ती का चालत नाही हे सांगायला भाच्याला बोलावणं जातं.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतले अण्णा पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी धरणांत गेल्यामुळे कुठलीही वस्तू शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरेल इतक्या क्षमतेची असावी, असा त्यांचा दंडक आहे. त्यांच्या घरचा इन्व्हर्टर मनात आणलं तर लिफ्टही ओढेल. त्यामुळे संगणक बदलायचं ठरलं तेव्हा गरज किती हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नाही. तशी गरज होती: व्हॉट्सॲप वेब, बँकेचं स्टेटमेंट, यूट्यूबवरचं नाट्यसंगीत, रोज एक बुद्धिबळाचा डाव, आणि बरीच वर्षं ‘आता शेवटचंच प्रकरण राहिलंय’ या अवस्थेत असलेलं आत्मचरित्र.

अण्णा लोकलने ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव आहे, पण ते फक्त पाटीला ठाऊक आहे. तिथल्या दुकानदाराने त्यांना एकच प्रश्न विचारला. “साहेब, वापर नॉर्मल की हेवी?”

ज्याने हयातभर धरणातल्या पाण्याच्या टीएमसीत विचार केला, त्याला असं विचारायला नको होतं.

संध्याकाळी रिक्षातून खोकं आलं. आत इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४. चौदा कोअर, म्हणजे आत चौदा कामकरी, आणि प्रत्येकाचे दोन हात धरून अठ्ठावीस थ्रेड. दुकानदाराने सांगितलं होतं, की हा सर्व्हरचा प्रोसेसर आहे, चोवीस तास चालायला बनवलेला आहे, नव्या आय-थ्रीमध्ये चारच कोअर मिळतात, आणि इतकं असून हा त्याच्याहून स्वस्त आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता. लॅमिंग्टन रोडवर खोटं बोलावं लागत नाही. खरं कुठे थांबवायचं तेवढं कळलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा मला फोन. “तुझ्या भाच्याला पाठव रे. याच्या मागे मॉनिटरची वायर लावायला भोकच नाहीये.”

रविवारी भाचा आला. त्याने स्क्रू काढून कॅबिनेटची बाजू उघडली, आत टॉर्च मारला, आणि भाजीबाजारात एकदम ऑफिसचे साहेब समोर यावेत तसा त्याचा चेहरा झाला. “अरे, हे तर आमच्याकडचे!”

मग त्याने कुळकथा सांगितली. २०१६ साली हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा इंटेलच्या यादीत त्याची किंमत १,७४५ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने लाखाच्या वर. मोठमोठ्या क्लाउड कंपन्यांनी असले प्रोसेसर हजारांनी घेतले, थंडगार हॉलमध्ये रांगा लावून बसवले, आणि काही वर्षांनी नवी पिढी आल्यावर तितक्याच हजारांनी मोडीत काढले. प्रोसेसर वापराने सहसा झिजत नाही. त्याच्या विजेचा हिशेब नव्यापुढे परवडेनासा होतो, म्हणून तो जातो. मोडीतला माल चीनमध्ये पोचला. तिथल्या छोट्या कारखानदारांनी या म्हाताऱ्यांसाठी नवीन मदरबोर्ड काढले, त्यावरही पुष्कळदा कुठल्यातरी जुन्या बोर्डावरून उचकटलेली चिप बसवली, आणि अशा रीतीने लाखाचे साहेब टिकलीच्या भावात जगभरच्या घराघरांत राहायला गेले.

“पण भोक का नाही?” अण्णा मुद्दा सोडत नाहीत.

“कारण सर्व्हरला बघणार कोण, अण्णा? आमच्या हॉलमध्ये हजारो यंत्रं आहेत, मॉनिटर एकालाही लावलेला नाही. त्यांच्याशी बोलायचं ते नेटवर्कवरून. बोर्डावर एक वेगळी छोटी चिप असते, मुख्य यंत्र बंद असलं तरी ती जागी राहते. तिच्यामार्फत मी घरच्या सोफ्यावरून ऐरोलीतलं बंद यंत्र सुरू करतो. मग चित्र काढणारा भाग या प्रोसेसरमध्ये घालून जागा कशाला वाया घालवायची? तो घरच्या प्रोसेसरमध्ये असतो, बहुतेकांत तरी. तुम्हाला वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल.”

“म्हणजे हा आंधळा आहे?”

“त्याला सगळं दिसतं. तो दाखवत नाही.”

“मग बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “वरच्या साहेबांचं तसंच असतं.”

त्या दिवसापासून सोसायटीत त्या यंत्राला ‘साहेब’ हेच नाव पडलं, आणि मला मान्य करायला हवं की सर्व्हरचा प्रोसेसर आणि घरचा प्रोसेसर यांच्यातला फरक मला आजवर कुठल्याही तक्त्याने समजावला नव्हता, तो एका छताखाली राहणाऱ्या या दोन निवृत्त साहेबांनी समजावला. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला माणूस घरी आल्यावर जे जे होतं, ते ते सगळं तिथे झालं.

पहिलं म्हणजे उठणं. ग्राफिक्स कार्ड आल्यावर बटण दाबलं, पंखे फिरले, आणि पडदा काळाच. सर्व्हर जातीचं यंत्र सुरू होताना आधी आपली सगळी मेमरी जागच्या जागी आहे का, कोण कुठे बसलंय, कोणाशी किती वेगाने बोलता येतं, याची झडती घेतं. खऱ्या सर्व्हरवर शेकडो गिगाबाइट रॅम असते, तिथे हा सोपस्कार काही मिनिटं चालतो, आणि कोणाची काही तक्रार नसते, कारण एकदा उठलेला सर्व्हर महिनोन् महिने निजत नाही. रोज सकाळी नऊला उठायचं आणि रात्री दहाला झोपायचं ही कल्पनाच त्याला कोणी दिलेली नसते. अण्णांच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे काकूंचं मत असं पडलं, की देवपूजा आटपते तरी यांचं अजून तोंड धुणं चाललेलं असतं. हे वाक्य दोघांपैकी कोणत्या साहेबांना उद्देशून होतं याचा खुलासा त्यांनी केला नाही.

दुसरं म्हणजे वेग. अण्णांनी आत्मचरित्र उघडलं. ते जुन्या संगणकावर जितक्या वेळात उघडायचं, साधारण तितक्याच वेळात उघडलं. अण्णांच्या कपाळावर आठी. चौदा कोअर म्हणजे चौदापट वेग नको का? भाच्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. पडद्यावर अठ्ठावीस चौकोन. त्यातल्या एका चौकोनात रेघ छताला टेकलेली, बाकी सत्तावीस चौकोन सपाट, निवांत. अण्णा बराच वेळ पाहत राहिले.

“खात्याची आठवण झाली,” ते म्हणाले.

इथे जीन अ‍ॅमडाल हे नाव घेणं भाग आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची रचना करणाऱ्या या गृहस्थांनी १९६७ साली एक कटू सत्य मांडलं: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, त्याच्यापुढे तुम्ही कितीही माणसं लावा, काही होत नाही. कामाचा दहावा हिस्सा जरी असा हट्टी असला, तरी हजार कोअर लावूनही वेग दहापटीच्या पुढे जाणार नाही. अण्णांची फाइल उघडणं हे जवळजवळ सगळंच हट्टी काम. आधी वाचायची, मग उलगडायची, मग मांडायची. त्या कामाला एकच कोअर धावतो, आणि तो किती जोरात धावतो एवढ्यालाच अर्थ असतो.

आणि साहेब जोरात धावत नाहीत. मुळातला वेग २.४ गिगाहर्ट्झ, फार झालं तर ३.३. उलट घरच्या प्रोसेसरांचं बघा. २०२४ मध्ये इंटेलने आय-९ १४९००केएस काढला तो ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत उसळी मारणारा. सगळे कोअर नव्हे, एखाददुसरा, तोही थोडा वेळ. पण घरात तेवढंच लागतं. घरच्या प्रोसेसरचं आयुष्य म्हणजे नव्वद टक्के रिकामं बसणं आणि मध्येच कोणीतरी माऊस दाबला की जिवाच्या आकांताने धावत सुटणं. समोर एक माणूस बसलेला असतो, आणि त्या माणसाचा संयम पाव सेकंदाचा असतो. त्याला खोळंबवायचं नाही, हीच घरच्या प्रोसेसरची सगळी नीती.

हा धावण्याचा सोस महागात पडतो. प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा तर त्याला जास्त दाबाची वीज पाजावी लागते, आणि खर्च त्या दाबाच्या वर्गाने वाढतो. म्हणून शेवटचे दोन-चारशे मेगाहर्ट्झ पहिल्या दोन-चार हजारांपेक्षा दरडोई जास्त वीज खातात. आय-९ १४९००के भरात आला की २५३ वॅटपर्यंत घेतो. २०२४ साली तर इंटेलच्या या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त दाबाने खरोखरच खराब होऊ लागले. कंपनीला दुरुस्तीचा अपडेट काढावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. खेळ खेळणाऱ्या पोरांना स्पर्धेच्या तक्त्यात दोन आकडे वर दिसावेत म्हणून एखाद्याला इतकं पळवू नये, असं माझं आपलं मत.

सर्व्हरवाल्यांचा हिशेब उलटा. त्यांच्या दारात एक अधीर माणूस नसतो, लाखो अनोळखी माणसं असतात, प्रत्येकाचं काम चिमूटभर. कोणी भाजीवालीचा क्यूआर स्कॅन करतंय, कोणी रेल्वेचं तिकीट काढतंय, कोणी मावशीचा साखरपुड्याचा फोटो डाउनलोड करतंय. ही कामं एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे अ‍ॅमडालसाहेबांचा जाच फारसा नाही. कोअर वाढवले की खरंच जास्त काम उरकतं. एएमडीच्या एपिक ९९६५ मध्ये १९२ कोअर आहेत आणि सगळ्यांत मिळून ५०० वॅट, म्हणजे कोअरमागे तीन वॅटही पूर्ण नाहीत. कोणी घाई करत नाही, कोणी बसूनही राहत नाही. शिवाय डेटा सेंटरला प्रत्येक वॅटचं बिल भरून संपत नाही. त्या वॅटची जी उष्णता झाली ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते.

घरच्या काही प्रोसेसरांना मालक हौसेने नेमल्यापेक्षा जास्त पळवू शकतो, तशी सोय कंपनीच ठेवते. साहेबांना ती नाही. त्यांचा वेग ठरवणारा गुणक कुलूपबंद. वशिला लावा, पंखा मोठा लावा, फाइल तिच्याच गतीने पुढे सरकणार.

याच गप्पांत भाच्याने इंटेलची टोपणनावं सांगितली आणि अण्णा प्रथमच मनापासून खुलले. अलीकडे घरच्या प्रोसेसरांची नावं तलावांवरून: आल्डर लेक, रॅप्टर लेक, अ‍ॅरो लेक. सर्व्हरच्या झिऑनची नावं खळाळत्या प्रवाहांवरून: सफायर रॅपिड्स, एमरल्ड रॅपिड्स, ग्रॅनाइट रॅपिड्स.

“म्हणजे जो बेफाम पळतो त्याचं नाव तळं,” अण्णा म्हणाले, “आणि जो संथ चालतो त्याचं नाव धावता प्रवाह. नकाशाशाखेत अदलाबदल झालेली दिसते.” मग थांबून, “साठा किती आहे म्हणालास या तलावांचा?”

साठ्याचं उत्तर साहेबांच्या बाजूने लागलं. घरच्या प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन वाटा, साहेबांना चार. आणि त्यांना एकट्याला दीड टेराबाइट रॅम झेपते. अण्णांनी बसवली होती सोळा जीबी. कोयनेच्या भिंतीमागे एक घंगाळ पाणी साठवावं तसा प्रकार, पण हे मी बोललो नाही. बाहेरची कार्डं जोडायच्या वाटाही चाळीस, त्यातल्या बहुसंख्य मोकळ्याच. त्या जाऊ द्या.

रॅमची पट्टी मात्र हातात घेऊन बघण्यासारखी निघाली. दुकानदाराने तीही सर्व्हरमधलीच दिली होती. भाच्याने ती काढून अण्णांपुढे धरली. “मोजा चिपा.” घरच्या पट्टीवर आठ असतात. इथे नऊ, आणि शिवाय मधोमध एक वेगळीच.

“आठ जण काम करतात,” भाचा म्हणाला, “नववा ते बरोबर आहे का हे तपासायची खूण सांभाळतो. मधला आहे तो रजिस्टर. येणारा प्रत्येक हुकूम आधी त्याच्याकडे, मग आत.”

“आवक-जावक बारनिशी!” अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. “आणि नववा म्हणजे ऑडिट!”

मला वाटतं सर्व्हर आणि घरच्या प्रोसेसरमधला खरा भेद इथे आहे. कोअर, वेग, वॅट हे सगळं प्रमाणाचं प्रकरण झालं. हा स्वभावाचा भाग. मेमरीतला एक ठिपका, म्हणजे एक शून्य किंवा एक, आपोआप पलटू शकतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे, चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी कणांच्या लेशामुळे, किंवा चिपच मुळात कमअस्सल निघाल्यामुळे. घरच्या संगणकाला याची दादही नसते. फोटोतला एक ठिपका हिरव्याचा निळा झाला, आहे कोणाला पत्ता? फार तर एकदा यंत्र अडखळतं, आपण त्याला दोन शिव्या देतो आणि पुन्हा सुरू करतो. पण बँकेच्या खात्यात तोच ठिपका पलटला तर एखाद्याच्या मुलीचं लग्न एकाएकी अडतं, किंवा एखादा एकाएकी फार श्रीमंत होतो.

ही कल्पित भीती नाही. १८ मे २००३ ला बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्सच्या शारबेक भागात एका उमेदवाराला इतकी मतं पडली, की ती त्या पक्षाच्या यादीच्या गणितात बसेनात. फेरमोजणी केली तेव्हा नेमकी ४,०९६ मतं जास्तीची निघाली. ४,०९६ हा आकडा ज्यांना कळतो त्यांच्या अंगावर काटा येतो, कारण तो म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच ठिपका शून्याचा एक झाला की बरोबर तेवढी भर पडते. प्रोग्रॅम तपासला, त्यात चूक सापडली नाही. ठिपका आपोआप पलटला असावा, असाच निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. आपल्याकडे ग्रामपंचायतीला एका मतासाठी पुण्याहून गाड्या भरून माणसं आणतात. तिकडे आकाशातून चार हजारांवर आली आणि ती परत केली!

यावरचा उपाय मात्र एका चिडलेल्या माणसाने शोधला. रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गणिती होते. १९४७ च्या सुमारास तिथल्या रिलेच्या संगणकावर त्यांना काम चालवायला मिळायचं ते शनिवार-रविवारी, जेव्हा देखरेखीला कोणी नसायचं. यंत्राला चूक सापडली की ते हॅमिंगचं काम बाजूला टाकायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर काही झालेलंच नाही. असं लागोपाठ झाल्यावर त्यांना प्रश्न पडला, की चूक झालीये हे ज्याला कळतं, त्याला ती कुठे झालीये हे का कळू नये? १९५० साली त्यांनी रीत प्रसिद्ध केली: मूळ आकड्यांबरोबर तपासणीचे काही जादा ठिपके अशा खुबीने बांधायचे, की एक ठिपका पलटला तर तो नेमका कोणता हे काढता यावं आणि जागच्या जागी सरळ करता यावा. साहेबांच्या पट्टीवरची नववी चिप ही त्याच रीतीची वंशज. आणि दोन ठिपके एकदम पलटले तर? तेव्हा दुरुस्ती होत नाही, पण ते कळतं. मग यंत्र चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हात वर करून थांबतं. घरचा प्रोसेसर चुकीच्या उत्तरासह आनंदाने पुढे जातो.

गूगलने टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर आपल्या यंत्रांची पाहणी करून २००९ साली जे छापलं, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरीपट्ट्यांत अशी निदान एक चूक दिसली होती. मग घरी हे ऑडिट का नको? मुख्य कारण पैसा आणि थोडा व्यापार. इंटेलने बरीच वर्षं ही सोय घरच्या बहुतेक प्रोसेसरांत बंद ठेवली, म्हणजे ज्याला ती हवी त्याने झिऑनच घ्यावा. यावरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत इंटेलला जाहीरपणे भरपूर सुनावलं. माझा कौल त्यांच्याकडे. आत्मचरित्रालाही ऑडिट हवंच; विशेषतः अण्णांच्या.

आता इतकं सगळं ऐकल्यावर कोणालाही वाटेल, की सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्याच मातीचे. इथे भाच्याने जे सांगितलं त्याने अण्णांपेक्षा मलाच धक्का बसला. एएमडीने २०१९ पासून घरचा रायझन आणि सर्व्हरचा एपिक हे एकाच छोट्या चिपेपासून बनवायला घेतले. सिलिकॉनची एकच तबकडी, त्यातून कापलेले आठ-आठ कोअरचे सारखे तुकडे. मग चाचणी. जे तुकडे कमी दाबाच्या विजेत शांतपणे काम करतात ते साधारणपणे सर्व्हरकडे जातात. जे वीज जास्त खातात पण उंच उडी मारतात ते घरच्या बाजारात. त्या पिढीच्या एपिकमध्ये असे जास्तीत जास्त आठ तुकडे एका मोठ्या मधल्या चिपेभोवती बसवले, रायझनमध्ये एक नाहीतर दोन. सगळे एकाच बॅचचे. एकाची नेमणूक मंत्रालयात, दुसऱ्याची तालुक्याला, आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक. एपिकची टोपणनावं पाहिली तर नेपल्स, रोम, मिलान, जेनोआ, टुरिन. तालुक्यावाल्याला अशा इटलीच्या सहली कुठून मिळणार?

“या मॉडेलचे बाकीचे कुठे असतील आता?” अण्णांनी विचारलं. निवृत्त माणसाला बॅचमेटची चौकशी करायची असतेच.

“याच ब्रॉडवेल पिढीचे झिऑन पुण्याला पाषाणला होते, अण्णा. उष्णदेशीय हवामान संस्थेत. ‘प्रत्युष’ नावाचा महासंगणक.”

अण्णा ताठ बसले. २०१८ च्या जानेवारीत सुरू झालेला हा महासंगणक चार पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडींचा. हवामानाचं काम या जातीच्या प्रोसेसरांना अगदी मानवतं. पृथ्वीवरच्या हवेचे बारा-बारा किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येक कोअरच्या वाट्याला काही चौकोन द्यायचे, आणि प्रत्येकाने आपल्या चौकोनातलं तापमान, वारा, बाष्प पुढे सरकवत शेजाऱ्याला कळवत राहायचं. सगळ्यांनी एकदम काम करायचं आणि कोणी फार पुढे पळायचं नाही. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच संस्थेत ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, त्यात एएमडीचे एपिक.

“म्हणजे ‘सरासरीइतका’ म्हणून आम्हाला कळवायचे ते हेच?” अण्णांचा आवाज चढला. “यांच्या भरवशावर मी दारं उघडायची का बंद ठेवायची ते ठरवायचो!”

“तुम्ही २०१८ च्या आधीच निवृत्त झालात ना?”

“झालो. पण तेव्हाही चुकायचंच,” अण्णा म्हणाले, पण साहेबांकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. धरणाच्या माणसाला पावसाच्या खात्यातला माणूस घरी राहायला आल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

शेवटी भाच्याला एक वाईट बातमी द्यायचीच होती. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आहेत. साहेब पाचव्या पिढीचे. विंडोज १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

“म्हणजे हेसुद्धा आठव्यालाच अडलेत,” वेतन आयोगाची बातमी रोज वाचणारे अण्णा म्हणाले. “बसू दे. आमचंही अजून ठरलेलं नाही.”

आणि एक काम असं निघालं, की ज्यात साहेबांनी घरच्या कुठल्याही आय-थ्रीला मागे टाकलं असतं. बुद्धिबळ. स्टॉकफिश हा फुकट मिळणारा खेळाडू-प्रोग्रॅम जितके कोअर द्याल तितके वापरतो. पुढच्या चालींच्या फांद्या सगळ्यांना वाटून देता येतात. भाच्याने त्याला अठ्ठावीस थ्रेड मोकळे करून दिले. टास्क मॅनेजरमधले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चौकोन छताला टेकले, पंख्याचा आवाज चढला, आणि अण्णांचा वजीर सातव्या चालीत गेला. पूर्वी ते चार कोअरकडून हरायचे, आता पुऱ्या खात्याकडून हरतात. पराभवाला प्रतिष्ठा आली, असं ते म्हणतात.

त्या चढत्या पंख्याकडे बघत काकूंनी विचारलं, “हा दिवसभर असाच लावून ठेवायचाय का?”

भाचा निघताना नुसतं माहितीखातर म्हणाला, की या मॉडेलच्या नंबरात पहिला आकडा दोन आहे ना, त्याचा अर्थ असे दोन प्रोसेसर एका बोर्डावर जोडीने बसतात.

अण्णांनी चष्मा लावला. “म्हणजे याच्या शेजारी आणखी एक?”

“तसा बसतो. पण बोर्ड दुसरा लागेल, दोन सॉकेटचा. एसएमपीएस मोठा लागेल. कॅबिनेट यात मावणार नाही. आणि विंडोज प्रो घ्यावं लागेल, होममध्ये एकाच सॉकेटला परवानगी आहे.”

भाच्याने हे सगळं अडचणी म्हणून सांगितलं. अण्णांनी यादी म्हणून लिहून घेतलं.